बोलण्याला कापड

भोंगेमामांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी पुसट होऊन जमाना झाला आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. अख्खा रस्ता त्यांना भोंगेमामाच म्हणायचा. पहिल्यांदा तसं म्हटलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीच्या मुलांनी, कारण मामा बघावं तेव्हा कुठल्या ना कुठल्या भोंग्यात डोकं घालून बसलेला. मुलं मोठी होऊन परगावी गेली, नाव मात्र इथंच राहिलं. त्यांची बायको मग आपोआप सगळ्यांची मामी झाली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दुकान घराच्याच खालच्या खोलीत होतं. रस्त्याकडे शटर, मागे वर जाणारा लाकडी जिना, आणि मधे एक लांबलचक टेबल, ज्याचा मूळ रंग कोणता हे खुद्द मामांनाही सांगता आलं नसतं. टेबलावर अॅम्प्लिफायर, एक म्हातारा माइक, स्क्रूंनी भरलेल्या बरण्या. भिंतीला टेकून पोटं उघडी टाकलेले स्पीकर. खालचा मोठा कागदी कोन फाटलेला स्पीकर आला तर मामा तो घ्यायचे, पण नाक मुरडून. ते काम कुणालाही येतं, त्यात काय मोठंसं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जीव अडकलेला होता तो बारीक आवाजाच्या यंत्रात.

हे यंत्र म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मोठ्या स्पीकरमध्ये घुमणारा, भरदार आवाज खालचा कोन काढतो. बारीक आणि धारदार आवाज वरच्या भोंग्यातून येतो. त्या भोंग्याच्या मागे एक जड चुंबक असतं आणि चुंबकाच्या पोटात घुमटासारखा पातळ पडदा. पडद्याच्या कडेला केसाएवढ्या तारेचं वेटोळं. माइक खाली आपटला किंवा कुणी आवाज वेड्यासारखा चढवला की ते वेटोळं जळतं आणि भोंगा मुका होतो. मग नवा पडदा निवडायचा, आणि खरी गोम तिथंच आहे. कारण पडदे मिळतात तऱ्हेतऱ्हेचे. धातूचा मिळतो, राळ चढवून कडक केलेल्या कापडाचा मिळतो, प्लास्टिकच्या पापुद्र्याचाही मिळतो. मापाला सगळे बसतात, स्क्रूंची भोकंही जुळतात. आवाज मात्र एकाचा दुसऱ्यासारखा नसतो.

मामांचा हिशेब सरळ होता. बोलण्याला कापड, वाजवण्याला धातू. हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की एखादा नवखा माणूस चौकशी करायला तोंड उघडायचा आणि वरून जिन्यातूनच मामी ते म्हणून मोकळी व्हायची. बँडवाल्यांना धातूचा पडदा हवा, कारण तो लखलखीत वाजतो. पण माणूस बोलायला लागला की त्याच्या तोंडचा ‘स’ आणि ‘श’ त्याच धातूतून सुई टोचल्यासारखा बाहेर येतो. कापडाचा पडदा त्याला जरा पोटाशी धरतो, मामा म्हणायचे.

नवा पडदा बसवायची त्यांची रीतही ठरलेली. आधी चिकटपट्टी चुंबकाच्या फटीतून फिरवून लोखंडाचा चुरा काढायचा. मग पडदा ठेवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे पिळायचे, म्हणजे तो कुठं कलत नाही. आणि शेवटी किल्ल्यांची परीक्षा. भिंतीवरच्या खिळ्याला किल्ल्यांचा एक जुडगा टांगलेला असायचा. त्यातली एकही किल्ली आता जगातल्या कुठल्या कुलपाला लागत नव्हती. मामा तो माइकसमोर खुळखुळवायचे, भोंग्याकडे पाठ करून डोळे मिटायचे, आणि पितळेची किल्ली कुठली, लोखंडाची कुठली हे वेगवेगळं ऐकू आलं की पडदा पास. नाही आलं तर सगळं उघडून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी त्यांना त्याचं काही नसायचं.

त्यांच्या कानांचा दबदबाच तसा होता. रस्त्यावरून जाताना एखाद्या दुकानात रेडिओ लागलेला असला तर हे आत डोकावून सांगायचे की तुमच्या डाव्या स्पीकरचा एक स्क्रू ढिला आहे. आणि तो निघायचाही. मामी तर म्हणायची, या माणसासमोर मनातल्या मनात पुटपुटायचीसुद्धा सोय नाही.

मग कधीतरी किल्ल्या बोलेनाशा झाल्या.

एका दिवसात नव्हे. आधी पितळ आणि लोखंड यांत फरक वाटेना, मग नुसतीच खुळखुळ उरली, मग तीही कुणी गादीखाली जुडगा हलवावा तशी. साठी उलटलेल्या माणसानं अशा वेळी संशय कुणावर घ्यावा? मामांनी तो किल्ल्यांवर घेतला. जुडगा राखेनं घासून लख्ख केला. तरी जमेना, तेव्हा पडदे बनवणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडली. हल्लीचा मालच नरम, जीव नसतो त्यात. मग अॅम्प्लिफायर बदलून पाहिला. स्वतःच्या कानांबद्दल त्यांच्या मनात शंका आलीच नाही, असं काही म्हणवत नाही. आली नसती तर त्यांनी किल्ल्यांची परीक्षा गुपचूप बंद कशाला केली असती? जुडगा खिळ्यावर नुसता लटकत राहिला.

माणसांचं बोलणंही आता अर्धंमुर्धं कळायचं. उरलेलं अंदाजानं भरून काढायचं. ‘हो हो’, ‘बरं बरं’ आणि ‘छान’ एवढ्या भांडवलावर मामांनी बराच काळ रेटला. समोरचा हसला की आपण हसायचं, त्यानं मान हलवली की आपण हलवायची. फोनवर तर तोंडच दिसत नाही, त्यामुळे तिथं फारच पंचाईत. म्हणून फोन लवकर आटपायचा, कामाचं निमित्त सांगायचं. मामीला काय ते कळत होतं. एकदा तिनं डॉक्टरांचा विषय काढून पाहिला, तर हे असे भडकले की तिनं पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही.

आता ताईबद्दल. थोरली बहीण ती हीच. दोघं लहान असताना आई कारखान्यात पाळीवर जायची आणि हे धाकटं कार्टं ताईच्या गळ्यात पडायचं. ते झोपावं म्हणून ताई त्याला पुस्तकं वाचून दाखवायची. मधेच थांबून विचारायची, ऐकतोयस ना रे? आणि हा झोपेनं जड झालेला पोरगा प्रामाणिकपणे सांगायचा, नाही, पुन्हा वाच. मग ती ते वाक्य पुन्हा वाचायची. अशी कैक पुस्तकं त्यांनी मागे-पुढे करत संपवली. पुढे ताईनं जन्मभर बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरी केली. दिवसभर तीच उत्तरं, तोच काचेमागचा माइक. निवृत्त झाली, नवरा गेला, घर खायला उठलं, तेव्हा तिनं वाचनालयात जाऊन सांगितलं की मला इथं लोकांना वाचून दाखवू द्या. आठवड्यातून एकदा, दुपारच्या वेळी. ग्रंथपालबाईंनी हो म्हटलं, आणि बघता बघता वाचनालयाचं छोटं सभागृह भरायला लागलं. डोळ्यांनी अधू झालेले, हात कापतो म्हणून पुस्तक धरता न येणारे, एक काठीवाल्या आजी, शिवाय नुसतेच रिकामटेकडे. त्या एका दुपारसाठी ताई अख्खा आठवडा जगायची. वाचायचं पान आधी घरी आरशासमोर मोठ्यानं वाचून बघायची, त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसायची.

तर त्या सभागृहाचे दोन्ही भोंगे एके दिवशी बंद पडले. साफसफाई करताना कुणाच्या हातून चालू माइक खाली आपटला होता. काम अर्थातच मामांकडे आलं. ताईचा आवाज ज्यातून जाणार ते भोंगे. मामांनी हातातली बाकीची सगळी कामं बाजूला सारली.

जुने पडदे तपकिरी कापडाचे निघाले. मामांनी पेठेतून दोन तऱ्हेचे आणले, कापडाचे आणि धातूचे. टेबलावर दोन भोंगे शेजारी ठेवून एकात हा बसवला, एकात तो, आणि बातम्यांचं एक रेकॉर्डिंग लावलं. कापडाचा त्यांना मुका वाटला, तोंडावर पांघरूण घेऊन बोलल्यासारखा. धातूचा मात्र स्पष्ट. त्यातून शब्दन् शब्द कळत होता! कितीतरी दिवसांनी त्यांना कुणाचंतरी बोलणं असं लख्ख ऐकू आलं होतं, आणि त्या आनंदात त्यांनी आवाज अजून थोडा चढवला. वरून मामी कानांवर हात ठेवून जिन्यात आली आणि ते आधी बंद करा म्हणाली. ती असं नेहमीच म्हणते, असं मामांना वाटलं. जन्मभर लोकांना शिकवलेला स्वतःचाच नियम त्या दिवशी त्यांनी मोडला. दोन्ही भोंग्यांत धातूचे पडदे बसवले, सभागृहात नेऊन लावले, आणि वर बारीक आवाजाची घुंडीही चांगली उजवीकडे पिळून ठेवली. जाताना ग्रंथपालबाईंना ऐटीत सांगितलं की आता याला कुणी हात लावू नका.

कुणी लावलाही नाही. भोंगेमामांनी बसवलेलं, त्याला कोण हात लावणार?

पुढच्या वाचनापासून लोक चुळबुळ करायला लागले. काठीवाल्या आजी पहिल्या रांगेतून उठून पार मागे खिडकीशी जाऊन बसल्या. कुणी अर्ध्यातून निघून जाऊ लागलं, कुणी यायचंच थांबलं. स्पीकर नुकतेच दुरुस्त झालेले, तेही ज्याच्या कानांची गावभर ख्याती त्या माणसाच्या हातचे. तेव्हा दोष त्यांच्यात असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उरला तो ताईचा आवाज. म्हातारपणी आवाज असा चिरका होतो बिचाऱ्यांचा, लोक आपापसांत म्हणू लागले. शेवटी ग्रंथपालबाईंनी ताईला चहाला बसवलं आणि शब्द हजारदा चाचपत, कसनुशा होत सांगितलं की काही जणांच्या कानाला त्रास होतो.

ताईनं चहा संपवला आणि घरी आली. संध्याकाळी तिनं भावाला फोन केला.

ती बरंच बोलली. वाचन बंद करतेय म्हणाली, आवाज लोकांना सोसवत नाही म्हणाली, तुला काय वाटतं म्हणूनही विचारलं. मामांना इतकंच कळलं की ताई वाचनाबद्दल काहीतरी सांगते आहे. नवे भोंगे लोकांना आवडले असणार, दुसरं काय. ते मनापासून म्हणाले, “छान. छान झालं.” आणि सवयीप्रमाणे गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवून दिला.

ही गोष्ट मामीच्या कानावर आली ती चार दिवसांनी, ताईकडे गेल्यावर. ताईनं तक्रार केली नव्हती, तो तिचा स्वभावच नव्हे. सहज बोलावं तसं बोलून गेली होती की वाचन बंद करतेय म्हटल्यावर त्यालासुद्धा बरंच वाटलं. मामी तडक घरी आली. चप्पल न काढता दुकानात शिरली, मामांच्या हातातली पक्कड काढून घेतली आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून, त्यांनी कशाला ‘छान’ म्हटलं होतं ते त्यांना ऐकवलं. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. शटर अर्धवट ओढून ते तसेच वाचनालयाकडे निघाले. घाईत खिळ्यावरचा जुडगा खिशात टाकला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सभागृह रिकामं होतं. ग्रंथपालबाई अवघडून म्हणाल्या की ताईंचा आवाजच आता तसा झालाय, तुमच्या स्पीकरांना कोण नाव ठेवणार. मामांनी त्यांना माइकवर बोलायला लावलं. त्या बोलल्या. मामांना सगळं उत्तम वाटलं, अगदी हवं तसं. मग त्यांनी खिशातून जुडगा काढला, माइकसमोर धरला आणि हलवला.

त्यांना लांबून कुठूनतरी बारीकशी खसखस ऐकू आली. पण ग्रंथपालबाईंनी दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते. खुर्चीखाली झोपलेली वाचनालयाची मांजर एका उडीत दाराबाहेर गेली. मामांनी जुडगा पुन्हा हलवला, जरा हळू. बाई कळवळून म्हणाल्या, “मामा, पुरे हो, सोसवत नाही.”

मामा मटकन तिथल्याच एका खुर्चीवर बसले. तिथं त्यांना सगळं उमगलं. धातूचा पडदा त्यांना स्पष्ट वाटला, कारण तेवढा तीक्ष्ण आवाजच त्यांच्या कानांत शिरत होता. जे त्यांच्यासाठी जेमतेम होतं ते बाकीच्यांच्या कानाला भोसकत होतं. ताईच्या आवाजाला काही झालेलं नव्हतं. तिच्या तोंडच्या प्रत्येक ‘स’ला यांनीच धार लावून दिली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्या माणसाला.

पण माणसाचा स्वभाव काही सुखासुखी सुटत नाही. घरी येईपर्यंत मामांनी बेत रचला. गुपचूप पडदे बदलायचे, ताईला म्हणायचं एकदा वाचून बघ, आणि विषय संपवायचा. कुणाला काही कळायचं कारण नाही. कारण कळलं तर? बारीक आवाजाच्या भोंग्याचा कारागीर, आणि त्याला बारीक आवाजच ऐकू येत नाही. कोण आणून देणार होतं त्यांना काम? ज्या कानांवर त्यांनी आयुष्यभर मिरवलं त्यांची चेष्टा व्हायला एक दिवस पुरला असता. त्यांनी मामीच्या हाती ताईला निरोप धाडला की स्पीकरमध्ये बारीकशी दुरुस्ती राहिली होती ती करतोय, तू वाचन बंद करू नकोस.

ताईचा उलट निरोप आला. त्याला म्हणावं, माझ्यासाठी उगाच खटपट करू नकोस. स्पीकर चांगले आहेत. आवाज माझाच गेलाय, आणि मला ते कळतंय. तिनं वाचनालयाचं पुस्तकही परत करून टाकलं होतं, मधेच, खूण घातलेल्या पानासकट.

मग मात्र मामांच्या सगळ्या बेतांचे बारा वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि ताईच्या घरी गेले. ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तिनं बस म्हणून खूण केली. मामा बसले नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

“ताई, मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले.

ताईचे हात थांबले.

“बारीक आवाज येतच नाहीत. बोलणं निम्मं कळतं. फोनवर तेवढंही नाही. मी नुसता हो हो करतो. त्या भोंग्यांत मी चुकीचे पडदे घातले. बोलण्याला कापड लागतं, मी धातू घातला, कारण माझ्या कानाला तो बरा वाटला. तुझ्या आवाजाला काहीही झालेलं नाही. जे झालंय ते माझ्या कानांना.”

एवढं बोलून ते जमिनीकडे बघत राहिले. ताई रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं रागवावं असंही वाटत होतं. ताई उठली, पदराला हात पुसले, आणि जवळ येऊन अगदी त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली.

“किती दिवस झाले याला?” तिनं विचारलं.

“दोनेक वर्षं असतील.”

ताईचा चेहरा एकदम कसातरी झाला. “अरे गाढवा,” ती म्हणाली, “दोन वर्षं मी समजत होते, तुला माझा कंटाळा आलाय. काही सांगायला गेले की बरं बरं म्हणून फोन ठेवतोस. माझ्या सख्ख्या भावाला माझं बोलणं नकोसं झालं, तर परक्यांना होईल त्यात काय नवल, असं म्हणून मी गप्प बसले रे.”

मामांना यातलं सगळं ऐकू आलं नाही. पण एवढ्या जवळून तोंड बघितल्यावर जेवढं आलं तेवढं पुरेसं होतं. साठी उलटलेला तो माणूस चौकटीला डोकं टेकवून लहान पोरासारखा रडला. ताईही रडली, आणि मग तिनंच आधी नाक ओढून त्यांना मटार सोलायला बसवलं.

पडदे निवडायचं काम पुढच्या आठवड्यात दुकानातल्या टेबलावर झालं, आणि यावेळी ते मामांच्या कानांनी झालं नाही. एका भोंग्यात कापडाचा, दुसऱ्यात प्लास्टिकच्या पापुद्र्याचा. ताई माइकसमोर पुस्तक घेऊन बसली, तेच, वाचनालयातून पुन्हा आणलेलं. मामी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती आणि मामा स्विच इकडून तिकडे करत मामीच्या तोंडाकडे बघत होते. प्लास्टिकच्या वेळी तिची भुवई जराशी वर चढायची. कापडाच्या वेळी ती ऐकायचं काम विसरून गोष्टच ऐकायला लागायची. एकदा मामांनी स्विच बदलला तर म्हणाली, “अहो थांबा ना, पुढे काय झालं ते कळू दे.” मामांनी स्विचवरचा हात काढला. कापडाचे पडदे पास झाले. नंतर मामीनं माइकसमोर किल्ल्याही खुळखुळवल्या आणि पितळेची कुठली, लोखंडाची कुठली ते सांगितलं. दोनदा चुकली, पण मामांनी ते मनावर घेतलं नाही.

मामी त्यांना कान तपासायलाही घेऊन गेली. तिथल्या बाईंनी कानात दिवा घालून पाहिलं आणि म्हणाल्या की पडदे अगदी ठणठणीत आहेत, बिघाड आत, नसांत आहे. मामा म्हणाले, म्हणजे नेमकी मला बदलता येते तीच वस्तू शाबूत निघाली. कानात घालायच्या यंत्राचं माप देऊन झालं. ते यायला वेळ होता. आणि रस्त्यावर व्हायची ती कुजबुज झालीच. एक बँडवाला आपले भोंगे उचलून दुसरीकडे घेऊन गेला. बाकीचे मात्र येत राहिले, कारण हात तर तेच होते, आणि आता मामी जिन्यातून नुसतं वाक्य म्हणून थांबत नव्हती, खाली येऊन ऐकून सांगत होती.

ताईच्या वाचनाच्या दुपारी मामा पहिल्या रांगेत जाऊन बसले. भोंगे त्यांनी सकाळीच लावले होते आणि घुंडी मामीच्या सांगण्यावरून मधोमध आणली होती. लोक थोडेच होते. मामा मान वळवून सारखे मागे बघत होते. कुणाचा हात कानाकडे जातोय का, कुणी उठतंय का. काठीवाल्या आजी आधी खिडकीशी बसल्या. पान उलटलं गेलं, तशा त्या काठी टेकत उठल्या. आजी दाराकडे गेल्या नाहीत. त्या हळूहळू पुढे आल्या आणि मामांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

मामांना स्वतःला ताईचा आवाज येत होता तो भिंतीपलीकडून आल्यासारखा. गोष्टीत काय चाललंय याचा धागा त्यांच्या हातून केव्हाच सुटला होता. ते लोकांची तोंडं बघत होते आणि लोक ऐकत होते, त्यातच त्यांना भरून पावलं होतं. ताईनं वाचता वाचता मान वर केली. तिला भावाचा चेहरा दिसला, आणि तो चेहरा तिच्या फार जुन्या ओळखीचा होता. तिनं पानावर बोट ठेवलं, सगळ्यांच्या देखत, माइकमधूनच विचारलं, “ऐकतोयस ना रे?”

सभागृहात कुणीतरी हसलं. मामांच्या जिभेवर ‘हो हो’ आलंच होतं. त्यांनी ते गिळलं.

“नाही ताई,” ते म्हणाले. “पुन्हा वाच.”

ताईनं माइक बाजूला केला, पुस्तक घेऊन त्यांच्या खुर्चीपुढे आली, आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.